सर्टिफिकेट आहे, सूट आहे, रिव्ह्यूही चांगले आहेत; तरी हिऱ्याच्या या विक्रेत्याकडून घ्यावं का?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: ऑनलाइन विकणाऱ्या आणि सोबत शोरूमही असलेल्या एका विक्रेत्याकडची सॉलिटेअर अंगठी तुम्हाला आवडली आहे. मधला हिरा गोल, एक कॅरेटचा, रंग जी, शुद्धता व्हीएस१ (म्हणजे आतल्या खुणा फार बारीक). 'सर्टिफाइड' असं लिहिलंय, छापील किमतीवर ६० टक्के सूट आहे, आजीवन एक्सचेंजची हमी आहे आणि रिव्ह्यू भरभरून आहेत. तरी मनात पाल चुकचुकतेय, म्हणून तुम्ही विचारताय की हा विक्रेता विश्वासू आहे का.

मी आधी हिऱ्यांची प्रतवारी करायचे, आता दागिन्यांचं मूल्यांकन करते. म्हणजे लोक खरेदी करून झाल्यावर माझ्याकडे येतात आणि 'बरं घेतलं ना?' असं विचारतात. त्यामुळे दुकानाच्या काउंटरवर काय बोललं गेलं आणि भिंगाखाली काय निघालं, हे दोन्ही मला कळतं. या अनुभवावरून सांगते, खोटा दगड हिरा म्हणून गळ्यात मारल्याचे प्रकार माझ्याकडे थोडे येतात. ते पकडणंही सोपं असतं. बहुतेकांचा हिरा खराच असतो. मात्र जी-व्हीएस१ म्हणून घेतलेला हिरा श्रेणी देणाऱ्या कडक प्रयोगशाळेत आय-एसआय१, म्हणजे रंगात आणि शुद्धतेत दोन-दोन पायऱ्या खालचा, ठरेल असा असतो, किंवा कागदावर उत्तम असूनही नजरेला मंद दिसतो, किंवा 'आजीवन' हमीच्या अटी वाचल्यावर ती वापरताच येणार नाही हे लक्षात येतं. यात कायद्याने फसवणूक म्हणावी असं फारसं काही नसतं. पैसे मात्र जास्त गेलेले असतात.

म्हणून 'विश्वासू आहे का' हा प्रश्न मी थोडा बदलून घेते. विक्रेता जे जे सांगतोय, ते तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून तपासून घेता येतं का? आणि तपासल्यावर तसं निघालं नाही, तर तुमचे पैसे पूर्ण परत मिळतात का? या दोन्हींचं उत्तर 'हो' असेल, तर माणूस मनाने कसा आहे याची मला फारशी फिकीर वाटत नाही. दोन्हींचं उत्तर गुळमुळीत असेल, तर मालक कितीही सज्जन असला तरी मी तिथे मोठी रक्कम घालणार नाही.

आता परिस्थितीनुसार काय बदलतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं तुम्हाला लागू करण्याची गरज पडणार नाही. बारीक हिऱ्यांची कर्णफुलं किंवा नाजूक पेंडंट घ्यायचं असेल, तर प्रत्येक हिऱ्याचा वेगळा रिपोर्ट मिळत नाही आणि मागण्यात अर्थही नाही. तिथे कारागिरी आणि विक्रेत्याची लेखी हमी एवढ्यावरच भिस्त ठेवावी लागते. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा (लॅब-ग्रोन, म्हणजे खाणीतला नव्हे तर माणसाने तयार केलेला) चालणार असेल, तर किमतीचं गणित पूर्ण वेगळं होतं. आणि गुंतवणूक म्हणून घेत असाल, तर विक्रेता कोण हा प्रश्न दुय्यम आहे, कारण किरकोळ दुकानातून घेतलेला हिरा विकायला गेल्यावर घेतलेल्या भावाच्या जवळपासही सहसा कुणी येत नाही. तुम्ही घालायला घेताय असं धरून पुढे लिहिते.

सुरुवात 'सर्टिफाइड' या शब्दापासून. माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो: कुणी सर्टिफाय केलंय? रंगासाठी डीपासून झेडपर्यंतची (डी म्हणजे रंगहीन, पुढे छटा वाढत जाते) जी श्रेणी आज सगळे वापरतात, ती जीआयए या अमेरिकन संस्थेने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केली. त्याआधी बाजारात ए, डबल ए, ट्रिपल ए असली अक्षरं कुणीही कशीही वापरत असे. तो घोळ मागे टाकायचा म्हणून नवी श्रेणी मुद्दाम डीपासून सुरू केली. पण श्रेणीची अक्षरं कुणाच्या मालकीची नाहीत. कुठलीही प्रयोगशाळा तीच अक्षरं वापरून हिऱ्याला जी देऊ शकते आणि दुसरी त्याच हिऱ्याला आय देऊ शकते. सैल हाताने मार्क देणारा परीक्षक आणि कडक परीक्षक यांच्याकडून आलेल्या ऐंशी मार्कांत जेवढा फरक, तेवढाच हा.

हे नुसतं व्यापाऱ्यांच्या गप्पांमधलं नाही. २०१४ मध्ये रॅपनेट या हिऱ्यांच्या मोठ्या व्यापारी मंचाने ईजीएल नावाच्या प्रयोगशाळांचे रिपोर्ट असलेला माल आपल्या यादीतून काढून टाकला, कारण त्यातल्या काहींच्या श्रेणी जीआयएच्या मानाने कितीतरी फुगवलेल्या असत. त्या रिपोर्टांसह विकले गेलेले दागिने अजूनही लोकांच्या कपाटात आहेत आणि अधूनमधून माझ्या टेबलावर येतात. मालकाला श्रेणी ऐकवताना मला अवघडल्यासारखं होतं.

तेव्हा विक्रेत्याकडे कुठल्या प्रयोगशाळांचा माल आहे, हे बघा. नैसर्गिक मोठ्या हिऱ्यासाठी माझी पहिली पसंती जीआयए. आयजीआय आणि एचआरडी याही जुन्या, मोठ्या संस्था आहेत आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांचे बरेच रिपोर्ट आयजीआयचे असतात. पूर्वी कटच्या, म्हणजे पैलू किती नीट पाडलेत याच्या, बाबतीत एजीएसच्या रिपोर्टला मान होता, पण ती प्रयोगशाळा २०२२ च्या अखेरीस बंद होऊन जीआयएमध्ये सामावली गेली. त्यामुळे कुणी एजीएसचा नवाकोरा रिपोर्ट दाखवला तर तारीख नीट बघा. आणि कागदावर फक्त दुकानाचं स्वतःचं नाव, सोनेरी शिक्का आणि 'ऑथेंटिसिटी कार्ड' असेल, तर ते सर्टिफिकेट नाही. विकणाऱ्यानेच स्वतःच्या मालाला दिलेलं ते प्रशस्तिपत्र आहे. त्याचा उपयोग एवढाच की पुढे वाद झालाच तर त्याचं म्हणणं लेखी सापडतं.

रिपोर्ट चांगल्या प्रयोगशाळेचा असला तरी तो याच हिऱ्याचा आहे का, हे पाहायला दोन-तीन सोपे मार्ग आहेत. रिपोर्टवरचा नंबर प्रयोगशाळेच्या वेबसाइटवर स्वतः टाइप करून बघा. कार्डावरचा क्यूआर कोड स्कॅन करू नका, कारण तो कुठल्या पानावर नेईल हे कार्ड छापणाऱ्याच्या हातात असतं. मग विक्रेत्याला सांगा, हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला नंबर भिंगातून दाखवा. दहापट मोठं दाखवणाऱ्या साध्या भिंगातून तो वाचता येतो. सगळ्या हिऱ्यांवर तो असतोच असं नाही, पण असल्यास रिपोर्टमध्ये तसं लिहिलेलं असतं. दोन मिनिटांचं हे काम आनंदाने करणारा विक्रेता आणि 'त्याची काही गरज नाही हो' म्हणत विषय बदलणारा विक्रेता, यातला फरक मला वीस रिव्ह्यूंपेक्षा जास्त सांगून जातो.

नंबर जुळला म्हणजे संपलं, असंही नाही. नैसर्गिक हिऱ्याच्या रिपोर्टचा नंबर प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यावर कोरून तो पुन्हा तपासणीला पाठवल्याची प्रकरणं खुद्द जीआयएनेच प्रसिद्ध केली आहेत. म्हणून मी मापंही ताडून बघते. रिपोर्टवर हिऱ्याचा व्यास आणि खोली मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत दिलेली असते. त्यासोबत हिऱ्यातल्या खुणांचा नकाशा असेल, तर त्यातला एखादा ठळक ठिपका किंवा पिसासारखी चीर प्रत्यक्ष हिऱ्यात त्याच जागी दिसायला हवी. हे घरबसल्या जमणार नाही, कुणा स्वतंत्र जाणकाराकडे जावं लागेल. त्यासाठीच परतीच्या मुदतीचा मुद्दा खाली येतो.

आणखी एक. 'एक कॅरेट' म्हणजे नेमकं किती, हे दोन दशांशांत विचारा. एक कॅरेट म्हणजे ०.२० ग्रॅम आणि त्याचे शंभर सेंट. '१.०० कॅरेट' आणि 'सुमारे एक कॅरेट' या दोन वेगळ्या वस्तू आहेत, कारण पूर्ण कॅरेटच्या आकड्याला भाव उडी मारतो. ९६ सेंटचा हिरा डोळ्यांना एक कॅरेटएवढाच दिसतो आणि तो ९६ सेंट म्हणून, त्याच्या भावात मिळाला तर मी तो आवडीने सुचवीन. तो 'एक कॅरेट' म्हणून विकला जात असेल तर प्रश्न आहे. तसंच दिलेलं वजन फक्त मधल्या हिऱ्याचं आहे की बाजूचे बारीक हिरे धरून एकूण, हेही स्पष्ट करून घ्या. एका कॅरेटचा एक हिरा आणि एकूण मिळून एक कॅरेट भरणारे दहा हिरे यांच्या किमतीत प्रचंड अंतर असतं.

आता कट. तुम्ही लिहिलेल्या माहितीत रंग आहे, शुद्धता आहे, वजन आहे, कटचा मात्र उल्लेखच नाही. तुम्ही लिहायला विसरला असाल तर ठीक, पण विक्रेत्यानेच तो दिला नसेल तर ही गोष्ट मला सुटीपेक्षा जास्त खटकते. हिऱ्याचं तेज पैलूंच्या कोनांवर ठरतं. रंग एक पायरी खाली आला तर अंगठीत बसवल्यावर तो बहुतेकांना ओळखू येणार नाही. कट बिघडलेला असेल तर पलीकडच्या खुर्चीवरूनही हिरा झोपल्यासारखा दिसतो. गोल हिऱ्याच्या कोनांचं गणित मार्सेल टोल्कोव्हस्की यांनी १९१९ मध्येच मांडलं होतं आणि आजचे चांगले कट त्याच आसपास फिरतात: वरचा सपाट पैलू व्यासाच्या ५३ ते ५८ टक्के, वरच्या उताराचा कोन ३४ ते ३५ अंश, खालच्या उताराचा ४०.६ ते ४१, एकूण खोली साधारण ६० ते ६२.५ टक्के. हे आकडे पाठ करायचे नाहीत. रिपोर्टवर ते असतात, ताडून बघायचे.

खोलीकडे विशेष लक्ष द्या. चांगल्या कटचा एक कॅरेटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटर व्यासाचा असतो. काही हिरे मुद्दाम खोल ठेवले जातात, म्हणजे पैलू पाडताना कच्च्या दगडाचं वजन कमी वाया जातं आणि एक कॅरेटचा आकडा गाठता येतो. ते वजन पोटाखाली लपलेलं असतं. वरून हिरा ८५-९० सेंटचा दिसतो आणि तुम्ही पैसे एका कॅरेटचे देता. जीआयए २००६ पासून गोल हिऱ्यांना कटची श्रेणी देते, तेव्हा 'एक्सलंट'पेक्षा खालचा घेण्याचं कारण नाही. पण 'एक्सलंट'चा पट्टाही रुंद आहे आणि त्यात काठावरचे हिरे बरेच येतात. अंडाकृती, चौकोनी, नासपतीसारखा (पेअर) अशा आकारांच्या जीआयए रिपोर्टवर कटची श्रेणी नसतेच. तिथे तर व्हिडिओ आणि प्रत्यक्ष नजर याला पर्याय नाही. अंडाकृती हिऱ्याच्या मधोमध बो टायसारखी काळी सावली किती गडद आहे, हे कुठलाच कागद सांगत नाही.

कागद आणखी काय सांगत नाही? हिऱ्यात किंचित तपकिरी किंवा हिरवट छटा आहे का, तो दुधाळ आहे का. घाऊक बाजारात खरेदीदार 'नो बीजीएम' अशी अट घालतात, म्हणजे ब्राउन नको, ग्रीन नको, मिल्की नको. हे दोष असलेला माल उत्तम श्रेणीच्या रिपोर्टसह स्वस्तात सुटतो आणि स्वस्त म्हणून किरकोळ गिऱ्हाइकाला आवडतोही. रिपोर्टच्या शेरा या भागात 'शुद्धतेची श्रेणी नकाशात न दाखवलेल्या ढगांवर (म्हणजे सूक्ष्म ठिपक्यांच्या पुंजक्यांवर) आधारित' अशा अर्थाचं वाक्य असेल, तर हिरा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय घेऊ नका, कारण असे काही हिरे धुरकट निघतात. तुमच्या विक्रेत्याला सरळ विचारा: यात बीजीएम आहे का? हा शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकला की समोरच्याचा बोलण्याचा सूर बदलतो. ज्याने हिरा स्वतः पाहिलाय तो लगेच उत्तर देतो, ज्याने पाहिलाच नाही तो 'सर्टिफिकेट बघा ना' म्हणतो.

आणि न पाहता विकणारे खूप आहेत. बऱ्याच ऑनलाइन विक्रेत्यांच्या साइटवर दिसणारे हजारो सुटे हिरे त्यांच्या तिजोरीत नसतात. ती घाऊक व्यापाऱ्यांची यादी असते आणि ऑर्डर आली की हिरा तिथून मागवला जातो. यात वावगं काही नाही, उलट यामुळेच किमती खाली राहतात. पण मग तो विक्रेता हिरा आल्यावर आणि जडवण्याआधी स्वतः तपासतो का, की आला तसा पुढे पाठवतो, हे विचारायला हवं. या पद्धतीचा तुम्हाला एक फायदाही आहे. तोच हिरा, त्याच रिपोर्ट नंबरसह, चार विक्रेत्यांकडे चार किमतींना दिसू शकतो. नंबर शोधून बघा. तुमचा हिरा दुसरीकडे सापडला नाही, तरी त्याच प्रयोगशाळेचा, तेवढ्याच वजनाचा, त्याच रंग-शुद्धता-कटचा हिरा इतर तिघांकडे कितीला आहे ते बघा.

६० टक्के सुटीचं मोजमाप फक्त असंच होतं. छापील किंमत विक्रेता स्वतः ठरवतो, त्यामुळे सूट किती हा आकडा त्याच्या मनाचा असतो. सूट वजा जाऊन उरलेली रक्कम इतरांच्या रकमेशी ताडा आणि ६० हा आकडा विसरून जा. वर्षभर कधीही गेलं तरी सूट चालूच असेल, तर ती सूट नव्हे, तोच त्याचा भाव. उलट सगळ्यांपेक्षा खूपच स्वस्त मिळत असेल तर मी कारण शोधते, कारण घाऊक बाजारात हिऱ्याचा भाव सगळ्यांना माहीत असतो. रॅपपोर्ट या कंपनीचा घाऊक भावतक्ता १९७८ पासून निघतोय आणि विकणाराही तो रोज बघतो. कुणी दानधर्म करत नाही. खोल कट, दुधाळपणा, सैल प्रयोगशाळा, किंवा हिऱ्यावर केलेली प्रक्रिया, यातलं काहीतरी सहसा निघतं.

आणि हो, सोबत मिळणाऱ्या 'अप्रेझल'मध्ये अंगठीची किंमत तुम्ही दिलेल्या रकमेच्या दुप्पट लिहिलेली असेल, तर खूश होऊ नका. मी हाच व्यवसाय करते म्हणून सांगते, विकणाऱ्यानेच लिहून दिलेल्या मूल्याला काही अर्थ नसतो. विम्याचा हप्ता मात्र त्या फुगलेल्या आकड्यावर बसतो.

प्रक्रियेचं थोडक्यात. चिरा काचेसारख्या पदार्थाने भरून हिरा स्वच्छ दाखवता येतो. असा हिरा दुरुस्तीला गेला आणि सोनाराची ज्योत लागली की भरणा खराब होऊ शकतो. अशा हिऱ्यांना जीआयए श्रेणीचा रिपोर्ट देत नाही. लेझरने भोक पाडून काळा ठिपका घालवणं, उच्च दाब-तापमानात रंग उजळवणं, हेही होतं आणि ते सांगून विकलं तर चालतं. तेव्हा बिलावर 'नैसर्गिक हिरा, कोणतीही प्रक्रिया न केलेला' हे शब्द रिपोर्ट नंबरसह लिहून मागा. तोंडी 'शंभर टक्के ओरिजिनल' याला काही किंमत नाही. प्रयोगशाळेत वाढवलेला हिराही हिराच असतो, त्यामुळे तोही 'ओरिजिनल' म्हणून खपवता येतो.

इथे त्या पेनासारख्या टेस्टरबद्दल एक सूचना. काउंटरवर विक्रेता ते हिऱ्याला टेकवतो, ते बीप वाजतं आणि गिऱ्हाइकाचा जीव भांड्यात पडतो. ते यंत्र उष्णता किती वेगाने वाहते एवढंच मोजतं. क्यूबिक झिरकोनिया हा नकली दगड त्यात पकडला जातो. मोइसनाइट हा हिऱ्यासारखाच दिसणारा दुसरा दगड मात्र नुसत्या उष्णतेच्या टेस्टरला चकवू शकतो, आणि नैसर्गिक हिरा व प्रयोगशाळेतला हिरा यांच्यात तर ते यंत्र फरक करूच शकत नाही, कारण दोन्ही कार्बनचेच. तो फरक ओळखायला वेगळी उपकरणं लागतात. काही विक्रेत्यांकडे ती असतात, विशेषतः बारीक हिरे तपासायला, कारण बारीक नैसर्गिक मालात प्रयोगशाळेतला माल न सांगता मिसळण्याचा धोका मोठा आहे. 'बाजूचे बारीक हिरे तुम्ही कसे तपासता?' या प्रश्नाला सरळ उत्तर देणारा विक्रेता मला आवडतो.

तुमचा हिरा प्रयोगशाळेतला निघाला, म्हणजे तसं सांगूनच विकत असतील, तर मग माझं मत असं: बिनधास्त घ्या, पण एक्सचेंजच्या हमीवर विसंबू नका. गेल्या काही वर्षांत या हिऱ्यांचे भाव इतके घसरलेत की परत घेताना कोणता भाव धरणार, हाच प्रश्न उरतो. ऑक्टोबर २०२५ पासून जीआयएनेही अशा हिऱ्यांना रंग-शुद्धतेची नेहमीची श्रेणी देणं थांबवून 'प्रीमियम' आणि 'स्टँडर्ड' असे दोनच ढोबळ वर्ग ठेवलेत.

आता धोरणं, म्हणजे कागदावरचा बारीक मजकूर. माझ्या मते विक्रेता पारखण्याची सगळ्यात चांगली जागा हीच आहे, कारण इथे जाहिरात लिहिणारा माणूस नसतो, वकील असतो. परत करण्याची मुदत किती दिवस, आणि ती ऑर्डरच्या दिवसापासून की हातात आल्यापासून? पैसे परत खात्यात येतात की दुकानाचं क्रेडिट मिळतं? अंगठीचं माप बदलून घेतलं किंवा आत नाव कोरलं की परतीचा हक्क जातो का? बहुतेक ठिकाणी जातो. म्हणून हिरा तपासून होईपर्यंत काही कोरून घेऊ नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या मुदतीत दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घ्यायला त्यांची हरकत आहे का? हरकत असेल तर पुढचं काही विचारायची गरज नाही.

आजीवन एक्सचेंजची हमी मला मोलाची वाटते, पण अटींसह. नव्या दागिन्याची किंमत जुन्याच्या किमान दुप्पट असावी, दर सहा महिन्यांनी दुकानात तपासणी करून शिक्का घ्यावा आणि एक तपासणी चुकली की हमी संपली, घडणावळ व कर वजा होणार, फक्त मधला हिरा धरणार, अशा अटी सर्रास असतात. दुकान तुमच्या घरापासून लांब असेल, तर सहामाही तपासणीची अट म्हणजे हमी नसल्यातच जमा. परत खरेदीच्या हमीत 'चालू बाजारभाव' असं लिहिलेलं असेल, तर तो भाव कोण ठरवणार, हे विचारा.

अंगठीच्या घडणीबद्दल फार लांबवत नाही. धातूचा शिक्का बघा: १८ कॅरेट सोन्याला ७५०, १४ कॅरेटला ५८५, प्लॅटिनमला बहुधा ९५०. हिऱ्याला धरणाऱ्या नख्या, म्हणजे प्रॉन्ग, सारख्या जाडीच्या आणि हिऱ्याला चिकटून बसलेल्या असाव्यात. रुमालाचा धागा अडकत असेल तर काम कच्चं. व्हाइट गोल्ड असेल तर वरचा ऱ्होडियमचा मुलामा कालांतराने उतरतो, तो पुन्हा कोण देणार आणि किती वेळा फुकट, ते आधीच बोलून घ्या. वजन कमी करायला अंगठीची पट्टी कागदासारखी पातळ केलेली असते, ती दोन-चार वर्षांत वाकते.

रिव्ह्यूंचं म्हणाल तर खरेदीनंतर आठवड्याभरात लिहिलेला रिव्ह्यू डबीचा आणि विक्रेत्याच्या हसऱ्या चेहऱ्याचा असतो. हिऱ्याबद्दल त्या गिऱ्हाइकाला तेव्हा काहीच माहीत नसतं. ज्यांनी वस्तू परत केली, माप बदललं, नखी तुटल्यावर दुरुस्तीला पाठवली, त्यांचे रिव्ह्यू शोधून वाचा. विक्रेत्याने तक्रारीला काय उत्तर दिलंय, तेही. किम्बर्ली प्रोसेसचा उल्लेख बऱ्याच साइटवर ठळक असतो. ही २००३ पासूनची व्यवस्था संघर्षाला पैसा पुरवणारे कच्चे हिरे व्यापारात येऊ नयेत यासाठी आहे. तुमच्या हिऱ्याच्या प्रतीशी किंवा दुकानाच्या सचोटीशी तिचा संबंध नाही.

शोरूम आहे तर एकदा जाऊन याच. हिरा दाखवतात त्या जागेवरचे दिवे मुद्दाम टोकदार प्रकाशाचे असतात. त्याखाली काचही चमकते. हिरा खिडकीपाशी न्या, मग टेबलाखाली सावलीत धरा, साध्या पांढऱ्या दिव्याखाली बघा. आपण दिवसाचा बहुतेक वेळ अशाच प्रकाशात असतो. आणि जी-व्हीएस१च्या शेजारी एच-व्हीएस२ किंवा आय-एसआय१ ठेवून दाखवायला सांगा. नुसत्या डोळ्यांना फरक दिसत नसेल, तर स्वस्तातला घ्या असं स्वतःहून सांगणारा विक्रेता भेटला, तर त्याचं नाव लिहून ठेवा. असे आहेत, आणि ते आपलं दुकान वर्षानुवर्षं त्यावरच चालवतात.

तर तुमच्या बाबतीत माझा सल्ला. विक्रेत्याला आज एक ईमेल पाठवा, फोन नको. रिपोर्ट कुठल्या प्रयोगशाळेचा आणि नंबर काय, वजन दोन दशांशांत किती, कटची श्रेणी आणि मापं काय, बीजीएम आहे का, हिरा तुमच्याकडे आहे की मागवणार, बिलावर नैसर्गिक व प्रक्रिया न केलेला असं लिहून मिळेल का, आणि परतीच्या मुदतीत बाहेर तपासून घेतलं तर चालेल का. उत्तर सगळ्या प्रश्नांना, आकड्यांसह आलं तर पुढे जा. तीन प्रश्नांना उत्तर आणि चौथ्याला 'ऑफर उद्या रात्री संपतेय' असं आलं, तर ऑफर संपू द्या.

आणि घेतलीच, तर अंगठी घरी आल्याबरोबर, घालण्याआधी, स्वतंत्र जाणकाराची वेळ ठरवा. दागिने विकणारा तो नसावा, आणि त्याची फी हिऱ्याच्या किमतीवर टक्केवारीने नसावी. जडवलेल्या हिऱ्याची श्रेणी पूर्ण खात्रीने देता येत नाही. धातूमुळे रंग बदललेला वाटतो आणि काही खुणा नख्यांखाली झाकल्या जातात. तरी नंबर, मापं, ढोबळ श्रेणी आणि चिरा भरण्यासारखी प्रक्रिया एवढं बहुधा कळतं. शक्य असेल तर हिरा सुटाच मागवा, तपासून घ्या आणि मगच जडवायला द्या. बरेच विक्रेते विचारल्यावर याला तयार होतात. परतीच्या मुदतीचे किमान चार दिवस शिल्लक राहतील अशा बेताने हे सगळं उरका, कारण परत पाठवायचं ठरलं तर विमा उतरवलेलं कुरिअर, पॅकिंग करतानाचा व्हिडिओ आणि त्यांची पोच, यातच दोन-तीन दिवस जातात.